मजुरी कुणाच्या हातात?

मुलांनो, एक सोपं गणित घालू? एक बाई आणि एक गडी, दोघांनी दिवसभर माती खणली. दोघांनी खणलेली माती मापली, तर अगदी सारखी भरली. मग कुणाला किती मजुरी द्यायची?

"त्यात काय एवढं? दोघांना सारखी!" असं तुम्ही पटकन म्हणाल. पण मोठ्या माणसांना हे गणित कितीतरी वर्षं सुटत नव्हतं. गड्याला जास्त आणि बाईला कमी, अशीच शेतावरची रीत होती. ही रीत मोडायला हातभार लावणारी एक योजना आपल्या महाराष्ट्रात जन्माला आली. तिचं नाव रोजगार हमी योजना.

१९७२ च्या दुष्काळाबद्दल आजी-आजोबांना जरूर विचारा. रेशनवरचा लाल मिलो, कामावर वाटली जाणारी सुकडी आणि रस्त्याकडेला खडी फोडणारी माणसं त्यांना अजून आठवत असतील. पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती अशी कामं सरकारनं काढली. त्या कामांवर बायका फार मोठ्या संख्येनं आल्या. घरातली चूल पेटती ठेवायची तर दुसरा मार्गच नव्हता.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी या योजनेची कल्पना मांडली होती. त्यांचं म्हणणं साधं होतं : गरजू माणसाला भीक नको, काम द्या आणि तो त्याचा हक्क माना. पुढे १९७७ मध्ये तसा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितलं की १५ दिवसांत मिळालं पाहिजे, नाहीतर बेकारी भत्ता द्यायचा. मजुरी कामाच्या मापावर ठरायची आणि बाई असो वा पुरुष, दर एकच!

यासाठी पैसा कुठून आला? आई-बाबांच्या पगाराच्या कागदावर 'व्यवसाय कर' अशी एक ओळ असते, ती पाहा. १९७५ साली हा कर सुरू झाला तो याच योजनेसाठी. म्हणजे शहरातल्या नोकरदारांनी खेड्यातल्या मजुरांना दिलेला हा हातच होता.

गणित सुटलं म्हणता? थांबा, अजून एक पायरी बाकी आहे. नवरा-बायको जोडीनं खणत आणि माप दोघांचं मिळून होई. मग पैसे बरेचदा नवऱ्याच्याच हातात पडत. घाम दोघांचा, पण खिसा मात्र एकाचा!

२००५ मध्ये सगळ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला. त्यात लाभार्थींपैकी निदान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात असं ठरलं. पुढे मजुरी बँकेच्या किंवा पोस्टाच्या खात्यात जमा होऊ लागली. पैसे उशिरा मिळाल्याच्या तक्रारीही झाल्या. पण खातं बाईच्या स्वतःच्या नावावर असलं, तर तिची कमाई तिची म्हणून दिसू लागली. मुलीची फी, दवाखाना, अडीअडचणीची शिल्लक, या गोष्टी ती स्वतः ठरवू शकते.

गावात आधी कोणतं काम काढायचं, हे कोण ठरवतं? १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींमध्ये स्त्रियांना एक-तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. खडी फोडणारी बाई आता सरपंचाच्या खुर्चीवर बसू शकते. मात्र काही गावांत खुर्चीवर बाई असते आणि कारभार तिचा नवरा करतो. खात्याचंही तसंच. नाव आईचं आणि पासबुक बाबांच्या कपाटात! सरकार कायदा करू शकतं, जागा राखून ठेवू शकतं. पण घराघरातलं पासबुक काही सरकार हलवू शकत नाही. ते काम आपलं.

तेव्हा या रविवारी एवढं करा. आईचं किंवा आजीचं खातं आहे का, ते विचारा. पैसे काढायची स्लिप तिला स्वतःला भरता येते का, ते पाहा. येत नसेल, तर तुम्ही शिकवा. आणि सही मात्र तिलाच करू द्या हं!