चलच्चित्राचे वाचन आणि लेखन

दि. 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्ली येथे आकाशवाणीने दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू केले. भारतातील दूरचित्रवाणीचा तो प्रारंभ होय. पडद्यावर माणसे चालताना दिसत. परंतु वास्तविक चालणारे असे त्या पडद्यावर काहीच नव्हते. एका सेकंदात 25 स्थिर चित्रे एकापाठोपाठ एक उमटत आणि डोळा व मेंदू मिळून त्यांतून गतीचा भास निर्माण करीत. 25 हा आकडाही सहज निवडलेला नाही. आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला 50 आवर्तने करतो. चित्रांची संख्या त्याच्या निम्मी ठेवली म्हणजे विजेच्या प्रवाहामुळे चित्रात येणारे दोष डोळ्यांना कमी जाणवतात. अमेरिकेत आवर्तने 60 असल्यामुळे तेथे चित्रांची संख्या सुमारे 30 ठरली.

चित्रे टिपण्याचा वेग आणि ती दाखविण्याचा वेग या दोन भिन्न गोष्टी आहेत. दादासाहेब फाळके यांनी 1912 मध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, वाटाण्याच्या रोपाच्या वाढीवर एक छोटा चित्रपट तयार केला होता. कित्येक दिवस ठराविक अंतराने त्या रोपाचे एकेक चित्र घेण्यात आले. आणि ती चित्रे सलग दाखविताच प्रेक्षकांच्या देखत, पाहता पाहता, अंकुर वर आला. यातून एक महत्त्वाचे तत्त्व हाती लागते. काळ हा चित्रांत नसतो. तो चित्रांसोबत ठेवलेल्या वेगाच्या आकड्यात असतो.

आज हे तत्त्व संगणकालाही शिकवावे लागते. चित्र पाहून त्यातील वस्तू ओळखण्यास संगणकाला साहाय्य करणाऱ्या आज्ञावलींचा ‘ओपनसीव्ही’ नावाचा एक संग्रह आहे. इंटेल या कंपनीत 1999 मध्ये त्याचे काम सुरू झाले, 2000 साली तो प्रथम जगापुढे आला आणि आज तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो. त्यात चलच्चित्रासाठी दोन मुख्य साधने आहेत : वाचनासाठी ‘व्हिडिओकॅप्चर’ आणि लेखनासाठी ‘व्हिडिओरायटर’.

वाचन म्हणजे एकेक चित्र क्रमाने मागणे. प्रत्येक मागणीला साधन दोन गोष्टींनी उत्तर देते : चित्र मिळाले की नाही, आणि मिळाले असल्यास ते चित्र. ‘नाही’ असे उत्तर आले म्हणजे फीत संपली, अथवा कॅमेऱ्याचा संबंध तुटला, असे समजावयाचे. मिळालेले चित्र म्हणजे आकड्यांचा एक तक्ता असतो. 1920 बिंदू रुंद आणि 1080 बिंदू उंच अशा चित्रात प्रत्येक बिंदूसाठी निळा, हिरवा आणि तांबडा या तीन रंगांचे तीन आकडे धरले, तर एकूण 62,20,800 आकडे होतात. सेकंदाला 25 चित्रे धरल्यास हीच संख्या साडेपंधरा कोटींच्या वर जाते.

एवढा पसारा जसाच्या तसा साठविणे परवडणारे नाही. म्हणून फितीत मधूनमधून एखादेच चित्र संपूर्ण ठेवतात आणि इतर चित्रांच्या बाबतीत शेजारच्या चित्रांहून काय बदलले, तेवढेच नोंदवितात. यामुळेच मधले एखादे चित्र एकदम मागितले, तर संगणकाला त्याच्या आधीच्या संपूर्ण चित्रापर्यंत मागे जाऊन तेथून पुन्हा उलगडत यावे लागते.

लेखनात चार गोष्टी आरंभीच सांगाव्या लागतात : फितीचे नाव, संक्षेपाच्या पद्धतीचा चार अक्षरी संकेत, सेकंदाला किती चित्रे हा आकडा, आणि चित्राची रुंदी व उंची. पुढे दिलेले चित्र या मापाचे नसले, तर ते बहुधा कोणतीही तक्रार न होता गाळले जाते आणि शेवटी रिकामी फीत हाती येते. काम संपल्यावर फीत रीतसर बंद करणेही अगत्याचे आहे. तसे न केल्यास शेवटची सूची लिहिली जात नाही आणि फीत उघडेनाशी होते.

या दोषांपेक्षा अधिक घातक दोष मात्र डोळ्यांना दिसत नाही. दिल्लीतील एखाद्या रस्त्यावर कमाल वेग ताशी 50 किलोमीटर आहे आणि एक मोटार नेमक्या त्याच वेगाने जात आहे, असे समजू. रस्त्यावर आखलेले 10 मीटर अंतर कापण्यास तिला 0.72 सेकंद, म्हणजे 25 च्या हिशेबाने 18 चित्रे लागतील. आता ही चित्रे नव्या फितीत लिहिताना कोणी नजरचुकीने 30 हा आकडा घातला. 18 चित्रांचा काळ आता 0.6 सेकंद भरतो, आणि मोटारीचा वेग निघतो ताशी 60 किलोमीटर! चित्रांतला एक बिंदूही बदललेला नाही. तरीही नियम पाळणारा चालक दोषी ठरतो.

चूक नेहमी माणसाचीच असते असेही नाही. उत्तर भारतातील हिवाळ्यात धुक्याने प्रकाश मंदावला, की पुष्कळ कॅमेरे प्रत्येक चित्रासाठी अधिक वेळ घेतात. चित्रांची संख्या आपोआप घटते, परंतु फितीवरील आकडा तोच राहतो. म्हणून जेथे मापन करावयाचे असेल, तेथे केवळ त्या आकड्यावर विसंबू नये. प्रत्येक चित्र कोणत्या क्षणी टिपले गेले, याची वेगळी नोंद ठेवावी.

या गोष्टीचा पडताळा कोणत्याही शाळेत घेता येईल. भिंतीवरील घड्याळाचा सेकंदकाटा एक पूर्ण फेरी घेईपर्यंत कॅमेऱ्याने टिपावा आणि तेवढ्या वेळातील चित्रे संगणकाकडून मोजून घ्यावीत. फितीवर 25 हा आकडा असेल, तर चित्रे 1,500 भरली पाहिजेत. ती कमी भरली, तर घड्याळावर विश्वास ठेवावा, फितीवर नव्हे.