गोठ्यातला वारा : छताला टांगलेले मोठे पंखे

दुभत्या गाईला बाहेरच्या उन्हाइतकीच अंगातली उष्णता जाचते. पोटात चारा आंबतो, कासेत दूध बनते आणि या दोन्हींतून पाचएकशे किलो वजनाची, वीस लिटर दूध देणारी गाय अहोरात्र सुमारे एक किलोवॅट उष्णता बाहेर टाकते. वीस गाईंच्या गोठ्यात जणू वीस हीटर चालू असतात. ही उष्णता निघून गेली नाही, तर गाय धापा टाकते, गव्हाणीतून तोंड काढून घेते आणि रवंथ करत बसायची ती उभीच राहते. मग दूध घटते, माज नीट दिसत नाही, गाभण राहणे लांबते.

हवेचे तापमान आणि आर्द्रता एकत्र मोजणारा एक निर्देशांक पशुवैद्यक वापरतात. तो 72 च्या वर गेला की ताण सुरू झाला असे धरतात. भरपूर दूध देणाऱ्या संकरित गाईंना 68 देखील जड जातो. उज्जैनच्या नानाखेडा भागात आणि इंदूर रस्त्याने पुढे लागणाऱ्या माळव्यातल्या खेड्यांत हा ताण वर्षात दोनदा येतो. मे महिन्यातल्या दुपारी 40 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असली, तर निर्देशांक 84 च्या घरात जातो. पावसाळ्यात 30 अंश आणि 80 टक्के असले तरी तो 83 भरतो. आकडे जवळजवळ सारखे असले, तरी उपाय एकच नाही, आणि पंखे घेताना नेमके हेच विसरले जाते.

गाईच्या शरीराचे तापमान 38.5 अंशांच्या आसपास असते. मेमधली हवा त्याहून गरम असल्यामुळे कोरड्या अंगावर नुसता वारा सोडून फारसे भागत नाही. तेव्हा पाठ कातडीपर्यंत भिजवावी, पाणी थांबवावे आणि वाऱ्याने ती सुकू द्यावी. असे आळीपाळीने करावे. एक लिटर पाणी सुकताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेते, म्हणजे एका गाईची चाळीस मिनिटांची. त्यातली काही उष्णता गाईऐवजी हवेतून घेतली जाते, तरी फायदा मोठाच. पावसाळ्यात उलट असते. हवा कातडीपेक्षा थंड असल्याने वारा स्वतःच उष्णता नेतो. पाणी मात्र सुकत नाही, जमीन ओली राहते आणि खुरांचे आजार व कासदाह बळावतात.

हा वारा देण्यासाठी 8 ते 24 फूट व्यासाचे, सावकाश फिरणारे पंखे कॅलिफोर्नियातल्या दूध-गोठ्यांसाठी 1990 च्या दशकात पुढे आले. पंख्याला लागणारी वीज फेऱ्यांच्या घनाप्रमाणे वाढते. फेऱ्या निम्म्या केल्या की ती आठव्या हिश्शावर येते. म्हणून मोठे पाते हळू फिरवून पुष्कळ हवा हलवणे स्वस्त पडते. पंख्याखालचा हवेचा लोट जमिनीला टेकतो आणि चहूकडे पसरतो, त्यामुळे बसलेल्या गाईच्या अंगालाही वारा लागतो. आवाजही कमी.

मात्र त्यासाठी उंची हवी. पाते जमिनीपासून किमान बारा फुटांवर असावे आणि वर छतापर्यंतही मोकळी जागा असावी. बुटक्या पत्र्याच्या, आठ-दहा गाईंच्या गोठ्यात असा पंखा बसवणे चूकच. तिथे खांबाला तिरके लावलेले तीन-चार फुटी पंखे जास्त वेगाचा वारा थेट गाईवर देतात. बाजूच्या भिंती बंद असतील, तर कोणताही पंखा तीच दमट, अमोनियाची हवा घुसळत राहतो. तापलेल्या पत्र्याखालची गरम हवाही तो खाली ओढतो. म्हणून आधी पत्र्याला चुना द्यावा, वरून गरम हवेला वाट ठेवावी, भिंती मोकळ्या कराव्यात आणि मगच पंख्याचा खर्च करावा.

अंगात गरमी धरणाऱ्या काळ्या म्हशीला घर्मग्रंथी कमी असतात. तिला वाऱ्यासोबत पाणी लागतेच. उष्णता सोसणाऱ्या माळवी गाईचे मात्र बहुधा सावली आणि मोकळ्या हवेवर भागते.

पंखे बसवल्यानंतर भर दुपारी गाईच्या कुशीची हालचाल पाहून मिनिटाला श्वास मोजावेत. ते साठच्या वर असतील, तर वारा पुरत नाही. हवेचा झोत उभ्या गाईच्या पाठीपाशी आणि बसलेल्या गाईच्या उंचीवर, दोन्ही ठिकाणी तपासावा; गव्हाणीपाशी आणि धार काढण्याआधी गाई थांबतात त्या जागी तो सर्वांत आधी पोचायला हवा, कारण तिथे गाई एकमेकींना खेटून उभ्या असतात.