रिकाम्या हातांनी नव्हे, धुतलेल्या हातांनी

आजारी माणसाच्या भेटीस आपण सहसा रिकाम्या हातांनी जात नाही. मोसंबी नेतो, घरच्या पेजेचा डबा नेतो. परंतु त्याच हातांवरून, डोळ्यांना न दिसणारे असे आणखी काय आपण नेतो, याचा विचार आपल्यापैकी किती जण करतात?

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर व विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात शेकडा अकराहून अधिक बाळंतिणी दगावल्या. दुसऱ्यात शेकडा तीनही नाहीत. हे कोडे इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरास स्वस्थ बसू देईना. १८४७ मध्ये त्याचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून आजारी पडले व वारले. त्यांच्या शरीरात बाळंतज्वराचीच चिन्हे आढळली. तेव्हा सेमेलवाइसला उमगले की, शवागारातून प्रसूतिगृहात मरण येते ते डॉक्टरांच्याच हातांवरून! त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली, आणि १८४८ साली त्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा सव्वाच्या आसपास आले.

पण आपले हात मरण आणतात, हे अनेक डॉक्टरांना रुचले नाही. सेमेलवाइस १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात वारला. त्या डॉक्टरांना हसण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? आपलाही समज तोच असतो: प्रेमाने पुढे केलेला हात अपाय कसा करील?

म्हणून काय करावे, ते पाहू. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी आणि निघताना हात स्वच्छ करावेत. खाटेचा कठडा, दाराची मूठ, भ्रमणध्वनी यांना हात लागला, तरी पुन्हा करावेत. हात मळलेले असतील तर साबण व पाणी घ्यावे. सारी क्रिया पाऊण मिनिट ते एक मिनिट चालावी. तळवे, हातांची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांची टोके, यांपैकी काही सुटू नये. हात मळलेले नसतील तर मद्यार्कयुक्त द्रव वीस ते तीस सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळावा. मात्र काही जुलाबांच्या जंतूंची बीजे या द्रवाने मरत नाहीत. तेथे साबण व वाहते पाणीच हवे. हातमोजेही मळतात, ते घातले म्हणून हात धुण्यातून सुटका नाही.

रुग्णानेही जेवणापूर्वी, शौचानंतर आणि शिंकल्या-खोकल्यानंतर हात धुवावेत. त्याला उठवत नसेल, तर पाण्याचे भांडे व साबण त्याच्या खाटेपाशी नेणे ही आपली सेवाच होय.

शेवटी प्रश्न उरतो तो भिडेचा. तपासायला आलेल्या डॉक्टरांना ‘हात धुतलेत ना?’ असे विचारायला आपली जीभ रेटत नाही. पण नम्रपणे विचारलेला प्रश्न म्हणजे अपमान नव्हे. बाहेरून आल्यावर हातपाय धुतल्याशिवाय घरात वावरू नये, असे आपल्या आज्या सांगत आल्या. तोच नियम आपण रुग्णाच्या खाटेपर्यंत नेला, तर भीड मोडेल. पण एखादा जीव वाचेल.