‘एक जोडी लागली की सोडतो’

इंदूरहून मुंबईकडे निघालं की आग्रा रस्त्यावर महूच्या पुढे मानपूर लागतं. मुंबई तिथून पाचशे किलोमीटरहून लांब, पण तिथल्या मटक्याचा आकडा माळव्याला परका नाही. ‘कल्याण’ मटक्याचं नाव मुंबईजवळच्या शहरावरून पडलं, असं पुष्कळांना वाटतं. ते नाव कल्याणजी भगत यांचं. त्यांनी 1962 मध्ये वरळीत मटका सुरू केला आणि 1964 मध्ये रतन खत्रींनी ‘न्यू वरळी’ काढला. त्याआधी लोक न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर पैसे लावत. नावाच्या या गैरसमजाने कुणाचं नुकसान होत नाही. बाकीचे गैरसमज मात्र घर बुडवतात.

त्यातला सगळ्यात घातक म्हणजे, ‘इतके दिवस आला नाही, आता येणारच.’ खेळ असा: तीन पत्ते काढायचे, बेरजेचा शेवटचा अंक तो ओपन. 2, 5, 6 निघाले तर बेरीज 13, आकडा 3. तसाच क्लोज काढला की जोडी झाली. जुन्या निकालांचे तक्ते मांडून रात्र-रात्र जागणारे आहेत, पण कालच्या निकालाचा आजच्या पत्त्यांशी काडीचा संबंध नसतो. जोडी शंभरातली एक, भाव साधारण नव्वदपट. रोज 10 रुपये एकाच जोडीवर शंभर दिवस लावले, तर हजार जातात आणि जोडी एकदा लागली तर नऊशे येतात. शंभर दिवसांत ती एकदाही न लागण्याची शक्यता 36 टक्क्यांहून जास्त, तीही सोडत प्रामाणिक असेल तर!

‘मनात आणलं तर सुटेल, याच्यात जिद्दच नाही,’ असं घरचे म्हणतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1980 मध्येच जुगाराच्या विकाराची नोंद केली आणि 2013 मध्ये तो दारू-अफूच्या व्यसनांच्या रांगेत आणला. जागतिक आरोग्य संघटनाही त्याला आजारच मानते. आकडा थोडक्यात हुकला तरी मेंदूचा तोच भाग चेततो जो जिंकल्यावर चेततो, असं केंब्रिजच्या संशोधकांना 2009 मध्ये दिसलं. आणखी बोलकं उदाहरण पार्किन्सनच्या रुग्णांचं आहे. डोपामिनसारखं काम करणारी काही औषधं सुरू झाल्यावर, आयुष्यात कधी पैसे न लावलेली माणसं जुगारात गुरफटली. डॉक्टरांनी औषध बदललं किंवा कमी केलं, तशी अनेकांची ओढ ओसरली. त्यांच्या जिद्दीला दोष कसा द्यायचा?

मग आई दागिने मोडते, भाऊ उधारी फेडतो. ‘या वेळी फेडू, पुन्हा खेळणार नाही.’ फिटलेल्या उधारीने नव्या डावाला वाट मोकळी होते, एवढंच. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 30 नुसार पैजेचा करारच रद्दबातल असतो. पैजेत जिंकलेली रक्कम कोर्टात दावा लावून वसूल करता येत नाही. बँकेचं किंवा सावकाराचं कर्ज वेगळं, त्याचा हिशेब घरच्यांनी सोबत बसून, पैशांचे व्यवहार काही काळ आपल्या हाती घेऊन करावा.

‘डॉक्टरकडे गेलो तर पोलीस येतील,’ ही भीतीही लोकांना अडवते. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. मोबाइलवर पैसे लावण्याच्या खेळांवर बंदी घालणाऱ्या 2025 च्या कायद्यातली शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही.

उपचार आहेत. ओढ कधी उठते, त्या क्षणी डोक्यात कोणता हिशेब चालतो, हे ओळखून तो मोडायला शिकवणारं समुपदेशन सर्वात उपयोगी ठरलं आहे. काहींना डॉक्टर नाल्ट्रेक्सोनही देतात. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्यावरही इलाज हवा. मानपूरकरांना इंदूरचं बाणगंगा मानसिक रुग्णालय एका बसच्या अंतरावर आहे. त्याआधी घरूनच टेलिमानस या मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर बोलता येतं. सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे. फोन घरच्यांनी केला तरी चालतो. आणि कर्जापायी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कुणी बोलत असेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री करावा, त्याला एकटं सोडू नये.