स्तनांच्या साध्या तक्रारी, भाग ४ : कॅप्सूल आधी की तपासणी?

कोथरूडला पौड रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानात एखादी बाई हळू आवाजात सांगते, ‘पाळीच्या आधी छाती जड होते, दुखते.’ बहुतेकदा तिला ई जीवनसत्त्वाची हिरवी कॅप्सूल मिळते, नाहीतर प्रिमरोज तेलाची पिवळसर. ती डबी उलटून बघा. पूरक आहार म्हणून विकली जात असेल, तर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असं तिच्यावर इंग्रजीत छापलेलं सापडेल. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनी ते बंधनकारक आहे.

प्रिमरोज ही मूळची अमेरिकेतली वनस्पती, संध्याकाळी फुलणारी. तिच्या बियांच्या तेलात गॅमा लिनोलेनिक आम्ल असतं. ब्रिटनमध्ये हे तेल स्तनदुखीवर रीतसर औषध म्हणून दिलं जाई. पुरेसा गुण सिद्ध होत नाही म्हणून २००२ साली तिथे त्याचा परवाना काढून घेतला गेला. ई जीवनसत्त्वाचा पुरावाही असाच तोकडा.

मग इतक्या जणींना बरं कसं वाटतं? पाळीबरोबर येणारं हे दुखणं आपणहूनच चढतं आणि उतरतं. उतरणीला लागलेलं असताना जी गोळी चालू असेल, तिला श्रेय मिळतं. शिवाय ‘तपासलं, कर्करोग नाही’ एवढं ऐकूनच बहुसंख्य बायकांना ते सोसण्याजोगं वाटू लागतं. मापाची, नीट आधार देणारी ब्रा घातल्यानेही फरक पडतो, पण हे सहसा कुणी सांगत नाही.

जवसाबद्दल मात्र मला आस्था आहे. कॅनडातल्या एका चाचणीत रोज २५ ग्रॅम जवस खाणाऱ्या बायकांचं पाळीआधीचं दुखणं कमी झालं होतं. चाचणी लहान होती, तरी दिशा आशादायक. २५ ग्रॅम म्हणजे तीन-साडेतीन मोठे चमचे पूड. पानात डावीकडे वाढलेल्या चिमूटभर चटणीतून एवढं पोटात जात नाही. भाकरीच्या पिठात मिसळावं, ताकात घालावं, वर पाणी भरपूर प्यावं. अख्खे दाणे बरेचसे न पचताच बाहेर पडतात, म्हणून मंद भाजून कुटायचे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. या दुखण्यावर आयोडीनचे थेंब तर मनाने मुळीच घेऊ नका, त्याने थायरॉईड बिघडू शकतं.

गाठ लागत असेल तर गोष्ट वेगळी. फायब्रोॲडिनोमा, म्हणजे स्तनातली कर्करोग नसलेली गाठ, विरघळवणारं कुठलंही पूरक नाही. डॉक्टरांनी हाताने तपासणं, वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि लागलीच तर सुईने तुकडा काढून तपासणं, हे टाळून कॅप्सूलवर महिने घालवणं मला धोक्याचं वाटतं.

दुखणं खरोखरच हैराण करत असेल तर ऑर्मेलॉक्सिफिन आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही गोळी सरकारी दवाखान्यांत ‘छाया’ नावाने गर्भनिरोधक म्हणून मोफत मिळते आणि डॉक्टर ती स्तनदुखीवरही देतात. तिने पाळी लांबू शकते आणि मूल हवं असेल तर ती चालत नाही, म्हणून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची.