बेघर कोण? आष्टा परिसरापुरते काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

बेघरपणा हा मुंबईच्या पदपथांचा प्रश्न आहे, ही समजूत महाराष्ट्रात खोलवर रुजलेली आहे. 2011 च्या जनगणनेत राज्यात सुमारे 2 लाख 11 हजार बेघर नोंदले गेले. त्यांपैकी मुंबईत 57 हजारांच्या आसपास होते, तर जवळपास 1 लाख लोक ग्रामीण भागातले होते.

बेघर सगळीकडे वाढतच आहेत, हेही अर्धेच खरे. महाराष्ट्रात 2001 साली हा आकडा सुमारे 3 लाख 40 हजार होता. दहा वर्षांत तो बराच खाली आला. देशाचा आकडा 19.4 लाखांवरून 17.7 लाखांवर आला. मात्र ही घट खेड्यांतली होती. शहरांतले बेघर 7.8 लाखांवरून 9.4 लाखांवर गेले.

आकडा घटला म्हणून तेवढ्यांना घरे मिळाली, असा अर्थ मात्र काढता येत नाही. जनगणनेत बेघर म्हणजे उघड्यावर राहणारे कुटुंब: रस्त्याकडेला, पुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या पाइपात, देवळाच्या आवारात किंवा फलाटावर. डोक्यावर झोपडीचे का होईना, छप्पर आले की ते या यादीतून बाहेर पडते. आष्टा ज्या वाळवा तालुक्यात (जि. सांगली) आहे, तिथे हा फरक फार मोठा ठरतो.

आष्टा हे कृष्णा-वारणेच्या पट्ट्यातले उसाचे गाव. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेतलेल्या ऊसतोड टोळ्या बीडसारख्या जिल्ह्यांतून, तशाच जतसारख्या दुष्काळी तालुक्यांतून येतात. मोकळ्या रानात तळ पडतो. बांबूच्या कामट्या वाकवून रोवायच्या, वर चटई, पाचट किंवा ताडपत्री टाकायची, की कोपी तयार. आत ताठ उभे राहता येत नाही. तीन दगडांची चूल दाराशी, बैल शेजारीच. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, पहाटे अंधारात फडाकडे निघते आणि लहान मुले बहुधा तिथेच उसाच्या सावलीला असतात. चार-पाच महिने हेच घर. कोपीला छप्पर असल्यामुळे ही माणसे जनगणनेत बेघर ठरत नाहीत, पण हंगामभर जगतात बेघरांसारखीच. बेघर माणूस काम करत नाही, या समजाला याहून ठळक उत्तर नाही: राज्याची साखर याच हातांतून जाते.

पुराचे दुखणे वेगळे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी 45 फूट आहे. हजारो कुटुंबे छावण्यांत गेली. बहुतेक परतली, पण मातीच्या भिंती खचलेल्यांसाठी परतणे सोपे नव्हते. धरणांमुळे उठलेल्यांचे हाल याहून लांबले. कोयना धरणाने साताऱ्यातली आणि चांदोलीने वारणाखोऱ्यातली गावे हलवली. कोयनेच्या विस्थापितांचा पुनर्वसनाचा लढा पुढच्या पिढ्यांपर्यंत चालला. घर सोडावे लागलेला प्रत्येक जण जनगणनेच्या अर्थाने बेघर होत नाही, हे इथेही दिसते.

घरकुल योजनेने सगळे सुटेल, हा आणखी एक समज. घरकुलाला आधी स्वतःची जागा लागते. जागा घेण्यासाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची अर्थसाहाय्य योजना आहे, पण बागायती पट्ट्यात जमिनीचा भाव त्या मदतीच्या आवाक्यात बसणे कठीण.

बेघरांसाठीच्या शहरी निवाऱ्यांचा निकष 1 लाख लोकसंख्येमागे 100 जणांचा एक निवारा असा आहे. आष्ट्याची लोकसंख्या 2011 मध्ये सुमारे 37 हजार होती. म्हणजे या हिशेबात एवढ्या गावाच्या वाट्याला स्वतंत्र निवारा येत नाही; अडलेल्या माणसाने सांगली-मिरज गाठायची.

पुढची जनगणना 1 मार्च 2027 हा संदर्भदिन धरून होणार आहे. त्या वेळी तोडीचा हंगाम संपलेला नसतो. प्रगणकांनी गावठाणावर न थांबता फडाशेजारच्या तळांवरही जायला हवे आणि कोपीत राहणाऱ्यांची नोंद पक्क्या घरांहून वेगळी ठेवायला हवी.