सुरतेची थडगी आणि बारा ग्रंथ

भूमध्य समुद्राकाठचे प्राचीन अवशेष पाहण्यास सहकुटुंब जहाजाने जाणे आपणा खेडुतांस कोठून परवडावे? परंतु वसईहून आगगाडीने सुरतेस उतरले, की तापीकाठीही गतवैभवाचे अवशेष दृष्टीस पडतात. मुलाबाळांसह आम्ही ते नुकतेच पाहिले.

कतारगाम दरवाजानजीक इंग्रजांच्या दफनभूमीत १६६९ साली निवर्तलेले जॉर्ज ऑक्झेंडन यांची घुमटाची समाधी आहे. डचांच्या दफनभूमीत १६९१ साली वारलेले हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड यांची तशीच भव्य समाधी आहे.

"एवढ्या मोठ्या घरात राहते कोण?" धाकट्याने विचारले. आम्ही निरुत्तर झालो.

मात्र ऱ्हीडसाहेबांनी मलबारच्या सातशेंहून अधिक वनस्पतींवर 'होर्टुस मलबारिकुस' हे बारा ग्रंथ सिद्ध करविले. १६७८ पासून निघालेल्या या मालेचा शेवटचा खंड त्यांच्या मृत्यूनंतर, १६९३ साली निघाला. साहेब प्रॉटेस्टंट, तरी कार्मेली संघाचे फादर मॅथ्यू, वैद्य इट्टी अच्युतन आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे कोकणी वैद्य त्यांचे साहाय्यक झाले. या तिघांचे कोकणी निवेदन नागरी लिपीतच तेथे छापले आहे.

वाचकहो, आपल्या आजीस ठाऊक असलेल्या झाडपाल्याची नावे आजच वहीत उतरवून ठेवा. आम्ही घरी परतताच तेच केले.